खारं पाणी वॉरंटीत बसत नाही

धनेश तांडेलला वॉरंटी या विषयावर बोलायचा जेवढा अधिकार होता तेवढा अख्ख्या डोंबिवलीत कुणाला नसेल, आणि नेमक्या त्याच कारणाने स्वतःच्या मोटरसायकलची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी की घेऊ नये हे त्याला काही केल्या ठरेना. ज्याला काही कळत नाही तो माणूस अशा गोष्टी चहा संपायच्या आत ठरवून मोकळा होतो. हाल होतात ते जाणकाराचे.

त्याचं असं, की धनेश ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका मिक्सर बनवणाऱ्या कंपनीत तक्रार विभागात होता. पदाचं नाव लांबलचक होतं, काम एकच होतं. मिक्सर बंद पडला म्हणून बायका फोन करायच्या आणि धनेश लोण्यासारख्या आवाजात म्हणायचा, "मॅडम, मी समजू शकतो, पण हे वॉरंटीत बसत नाही." जार पडून फुटला, बसत नाही. उंदराने वायर कुरतडली, बसत नाही. आणि मोटरमध्ये पाणी गेलं असेल तर विषयच संपला. 'आत पाणी गेले आहे' एवढे चार शब्द टाईप केले की धनेशला पुढे काही टाईप करावं लागत नसे. या आवाजाबद्दल कंपनीने त्याला एका दिवाळीत भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं होतं. ते पुढच्या दिवाळीच्या आत बंद पडलं. त्याला वॉरंटी नव्हती.

लॉकडाऊनमध्ये हे ऑफिस घरात आलं आणि धनेशच्या आईने, आवडाबाईने, ते वाक्य दिवसभर ऐकलं. तेव्हापासून ते घरात रुळलं. धनेशने कालवणातली आणखी एक तुकडी मागितली की आवडाबाई टोपावर झाकण ठेवून म्हणायची, "बसत नाय." त्याची बायको कृतिका पतपेढीत होती. तीसुद्धा त्याच्या पावसाळी सहलींच्या बेतांना हेच उत्तर देऊ लागली. घरात स्वतःचंच वाक्य दिवसातून तीनदा ऐकणाऱ्या माणसाची काय अवस्था होते, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल.

तर गाडी. ती गुढीपाडव्याला घेतलेली होती, आणि या पाडव्याला कंपनीची मूळ वॉरंटी संपणार होती. शोरूममधून क्षिप्रा नावाच्या मुलीचा फोन आला. "सर, पाडव्याच्या आत एक्स्टेंडेड घेतली तर मिळेल. नंतर सिस्टीमच घेत नाही." आवाज लोण्यासारखा होता. धनेशने तो लगेच ओळखला. असा आवाज घडवायला किती वर्षं लागतात ते त्याला माहीत होतं, आणि अशा आवाजावर कितपत विश्वास ठेवायचा तेही.

घ्यावी असं वाटलं की त्याला ऑफिस आठवायचं. न घ्यावी असं वाटलं की त्या बायका आठवायच्या, ज्यांचा मिक्सर वॉरंटी संपल्यावर आठवड्यात बंद पडला होता. एक बाई तर फोनवर नुसती गप्प राहिली होती, आणि ते गप्प राहणं धनेशला अजून अधूनमधून ऐकू यायचं.

त्याने लोकांना विचारायला सुरुवात केली. इथेच चुकलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या महेंद्र भोईरला विचारलं. ही सोसायटी ज्या भातशेतावर उभी आहे ते महेंद्रच्या आजोबांचं. त्यामुळे बिल्डिंगमधल्या कुठल्याही प्रश्नावर शेवटचा शब्द आपला, अशी त्याची समजूत आहे. तो म्हणाला, "वॉरंटी कसली घेतोस यार, गाडी बदल ना." महेंद्र दर दोन वर्षांनी गाडी बदलतो, आणि उरलेलं जग तसं का करत नाही याचं त्याला मनापासून आश्चर्य वाटतं.

ऑफिसातला सलिल जेवणाच्या सुट्टीत घास हातात धरून म्हणाला, "अरे, आपणच विकतो ना एक्स्टेंडेड? आपल्याला माहीत नाही?" आणि मग हळूच, इकडेतिकडे बघत, "मी मात्र घेतलीय हां. बायको ऐकत नाही."

सोसायटीचे सेक्रेटरी त्र्यंबककाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठलाही प्रश्न त्यांच्याकडे नेला की ते आधी त्याची पार्श्वभूमी मागतात. त्यांनी धनेशला गाडी रोज किती चालते, कुठल्या रस्त्याने चालते, सरासरी किती देते, सगळं विचारलं, चार दिवस घेतले आणि जिन्यात गाठून निकाल सांगितला. "धनेश, सर्व बाजूंनी विचार करता घ्यावी असं मला वाटतं. परंतु न घेतल्यास फारसं बिघडणार नाही, हेही तितकंच खरं."

"लग्नाला हो म्हणायला तुला एवढा वेळ लागला नव्हता," कृतिका म्हणाली. "एकदाचं काय ते ठरव, नाहीतर मी ठरवते."

घरातली तिसरी व्यक्ती, म्हणजे आवडाबाई, या प्रकरणात काहीच बोलली नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मोटरसायकलच्या वॉरंटीतलं आईला काय कळणार, असं धनेशने धरून चाललं होतं. जाणकार माणसं बरंच काही धरून चालतात.

शेवटी घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे कृतिकाने ठरवलं. धनेश एका शनिवारी हाफ डे टाकून वागळे इस्टेटमधल्याच शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गेला. कारण वॉरंटी वाढवायच्या आधी गाडी तपासतात. क्षिप्रा हातात टॅब घेऊन आली, पंचविशीची, चटपटीत. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. मग खाली वाकून सायलेन्सरवरून बोट फिरवलं आणि ते बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"सर, गाडी समुद्रात घातली होती का?"

धनेशला आधी वाटलं ती गंमत करतेय. पण तसा आवाज गंमत करत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"डोंबिवलीत समुद्र कुठे आहे हो?" तो म्हणाला.

"तेच ना सर. पण चेन बघा, हे नट बघा, फुटरेस्टच्या खाली बघा. हा पावसाचा गंज नाही. पांढरं बसलंय ना हे, मीठ आहे. अलिबागला वगैरे बीचवर चालवतात त्या गाड्यांना असं होतं."

"अहो, मी गाडी कधी बीचवर नेलेली नाही. मी रोज माणकोलीच्या पुलावरून ऑफिसला येतो आणि त्याच पुलावरून घरी जातो."

क्षिप्राने मान तिरकी केली आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाली, "सर, मी समजू शकते, पण हे वॉरंटीत बसत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य धनेशच्या अंगावर आलं. कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारी उभा असलेला ग्राहक आपल्याकडे बघतोय असं त्याला वाटलं, आणि तो खरंच बघत होता. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, मी या धंद्यातला आहे, मला हे वाक्य ऐकवू नका. पण धंद्यातला असल्यामुळेच त्याला कळत होतं की याच्यावर उत्तर नसतं. क्षिप्राला मात्र त्याची दया आली असावी. ती म्हणाली, "असं करा सर. गंज साफ करून घ्या, चेन बदला. यापुढे गाडीला खारं पाणी लागणार नाही असं लिहून द्या. पाडव्याच्या आत आणलीत तर मी परत तपासते."

आता खारं पाणी आलं कुठून? धनेश घरी येईपर्यंत हाच विचार करत होता. आधी संशय टँकरच्या पाण्यावर गेला. ते चाखून बघितलं. त्याला नाना चवी होत्या, पण मिठाची नव्हती. मग संशय वॉचमनवर गेला, तो गाड्या पुसतो म्हणून. वॉचमन म्हणाला, "साहेब, तुमची गाडी मी पुसतच नाही, तुम्ही महिन्याचे देत नाही." हा पुरावा बिनतोड होता. महेंद्र म्हणाला, कुणीतरी दुश्मनी काढतंय. धनेशला बराच वेळ आठवूनही स्वतःचा दुश्मन सापडला नाही, आणि याचंही त्याला जरा वाईट वाटलं. मग त्या हजारो मिक्सरवाल्या बायका आठवल्या आणि त्याने तो विषय सोडला.

कॅमेरा बघायचं ठरलं. पार्किंगमध्ये कॅमेरा होता, पण फुटेज बघायला लेखी अर्ज लागतो. त्र्यंबककाकांनी धनेशला समोर बसवून अर्ज लिहवून घेतला. 'अज्ञात इसमाने माझ्या वाहनावर क्षारयुक्त द्रव टाकून नुकसान केले असून, सदर इसमाचा शोध घेऊन त्याच्यावर कडक कारवाई व्हावी.' 'कडक' हा शब्द धनेशचा. काकांचं म्हणणं 'उचित' असावं. धनेश हट्टाला पेटला. अपमान झालेला माणूस उचित कारवाईवर समाधान मानत नाही.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात काका, महेंद्र आणि धनेश असे तिघे स्क्रीनसमोर बसले. काकांनी आदल्या दिवसापासून मागे जायला सुरुवात केली. मांजर आलं, पेपरवाला आला, महेंद्रने स्वतःची नवी गाडी तीन वेळा फडक्याने पुसली. असं करत करत मागच्या पुनवेची सकाळ आली.

जिन्यातून आवडाबाई उतरली. नेसूचं नीट केलेलं, डोक्यात फूल. एका हातात तेलाचा जुना पाच लिटरचा कॅन, दुसऱ्या हातात ताट. ती थेट धनेशच्या गाडीपाशी आली. हेडलाईटला हळद-कुंकू लावलं. नारळ हँडलला टेकवून परत ताटात ठेवला. मग कॅनमधून तांब्यात पाणी घेतलं आणि पुढच्या चाकापासून सुरुवात करून गाडीला अंघोळ घातली. इंजिनावर घातलं, चेनवर घातलं, मागच्या चाकावर घातलं. काही राहिलं तर नाही ना, म्हणून वाकून बघितलं, आणि राहिलं होतं तिथेही घातलं. मग सीटवर हात ठेवून ती उभी राहिली आणि बोलू लागली. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. नुसते ओठ हलताना दिसत होते. बराच वेळ ती बोलत होती, अगदी शेजारणीशी बोलावं तसं. शेवटी तिने सीट दोनदा थोपटली आणि कॅन उचलून निघून गेली.

महेंद्र, ज्याला कुठेही गप्प बसता येत नाही, तो खिडकीकडे बघत म्हणाला, "आमची आई बैलांशी असं बोलायची."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "धनेश," ते म्हणाले, "कडक कारवाईचा तो अर्ज मागे घ्यायचा असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो." मग थोडं थांबून, "पण राहू द्या. तो माझ्याकडून गहाळ झाला असं समजा." पाटबंधारे खात्यात सारी नोकरी करून एकही कागद न हरवलेल्या माणसाने हे म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती.

घरी आल्यावर धनेशने कृतिकाला गॅलरीत बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हो, मला माहितीये. दर पुनवेला घालतात."

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तुलाही माहितीये. उत्तनच्या मावशी त्यांच्या केतनबरोबर समुद्राचं पाणी पाठवतात ना, मासळी घेऊन येतो तेव्हा. हा काय कॅन." गॅलरीच्या कोपऱ्यात कॅन होता. गेलं वर्षभर धनेश त्याला फिनेल समजत होता.

"मग आता सांगायला हवं आयेला. गाडीवर पाणी घालू नको म्हणून."

"तू सांग. तुझी आई आहे. आणि तुला सवय आहे, बसत नाही म्हणायची."

आवडाबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून कोळंबी सोलत होती. धनेश तिच्यासमोर बसला आणि घसा साफ केला. गडबडीत ऑफिसचाच आवाज लागला.

"आये, मी समजू शकतो, पण–"

"काय समजू शकतस?" ती मान वर न करता म्हणाली.

"गाडीवर खारं पाणी घालतेस ना तू, पुनवेला."

"घालते. मंग?"

"गाडीला गंज धरलाय त्याने."

"होडीच्या खिल्यांना पन धरायचा. तुजा बा दर वरसाला खिले बदली करायचा. त्याला कोन बोल्लं नाय, समुंदरात नको जाऊस."

"अगं पण ही होडी नाहीये. मोटरसायकल आहे."

आता मात्र तिने मान वर केली. "बाला, तू शिलफाट्यानं जायचास, तवा मी कदी काय केलं? नाय केलं. तुजा रस्ता जमिनीवरचा व्हता. त्यो पूल झाला आन तू रोज खाडी वलांडून जायाला लागलास. सकालचं जातस, सांजचं येतस. पान्यावरनं जानारा मानूस, त्याचं पान्याला सांगून ठेवावं लागतं. ह्यो आमचा हाय, याला परत धाड."

"पण मग उत्तनहून पाणी कशाला? खाडी तर इथे आहे."

"खाडीत आता काय राहिलंय? सगला गटार. खाडीचा मोठा तो समुंदर. वरच्या सायबाला सांगितलं का खालचा आयकतो."

तक्रार विभागात हे तत्त्व धनेशने रोज पाहिलेलं होतं. आवडाबाईने एक कोळंबी सोलली, दुसरी घेतली.

"तुजा बा राघो, सारा जनम खाडीत गेला. वादलात गेला, कालोखात गेला. पोहायला पन चांगलं येत नव्हतं त्याला, लोकांना सांगायचा येतं म्हनून. मी पुनवेची पुनव होडीला सांगून धाडायची. एक दिस असा नाय का तो आला नाय. आन गेला तो कुठं, घरात खाटेवर, चा पिऊन. मना इचारून."

वडील गेले तेव्हा धनेश ऑफिसात होता. चहाचं त्याला माहीत होतं, विचारल्याचं माहीत नव्हतं. काय विचारलं, हे त्याने विचारलं नाही. त्याला एवढं कळलं की आपल्या कंपनीने आजवर विकलेल्या सगळ्या वॉरंट्या एकत्र केल्या तरी असा चोख व्यवहार कुठे झालेला नाही, आणि तो बंद करायला आपण इथे मांडी घालून बसलोय. आईची त्याला इतकी माया दाटून आली की कोळंबीचं ताट पुढे ओढून तोही सोलायला लागला. ते त्याला येत नाही.

"राहू दे आये," तो म्हणाला. "तू घाल पाणी. नाही घेत मी वॉरंटी."

"ती काय असती?"

धनेशने सांगितलं. गाडी बिघडली तर कंपनी नीट करून देते, कागद असतो, कागदात लिहिलेलं असतं काय बसतं आणि काय नाही.

"आन नाय घेतलीस, तं?"

"काही नाही. बंद पडली तर खर्च आपला."

"कुठं बंद पडल?"

"कुठेही पडेल. घरापाशी पडेल, हायवेला पडेल, पुलावर पडेल."

सोलणारे हात थांबले. "पुलावर? मधोमद?"

धनेशच्या लक्षात आलं की आपण भलतंच बोललो. त्याने घाईघाईने सांगितलं की तसं होत नाही, गाडी चांगली आहे, पुलावर दिवे आहेत. पण बोलून गेलेलं काय परत घेता येतं? आवडाबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "मंग तो कागद घे."

"अगं, कागद घेतला तर पाणी घालता येणार नाही गाडीवर."

"आयकलं मी. घे तो कागद."

त्यानंतर होळीपर्यंत आवडाबाई गप्प गप्प होती. गाडी सोसायटीजवळच्या नाथाच्या गॅरेजमध्ये गेली, गंज घासून निघाला, नवी चेन बसली, गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसायला लागली. आणि धनेशला तिच्याकडे बघवेना. तो कृतिकाला म्हणाला, "आये जेवत नाहीये नीट." कृतिका म्हणाली, "तूही जेवत नाहीयेस." एका लोखंडी वस्तूपायी घरातली दोन माणसं एकमेकांसाठी आपापली गोष्ट सोडायला निघाली होती, आणि त्यापायी दोघंही दुःखी होती. वॉरंटी घ्यावी की घेऊ नये या प्रश्नाचं असंही काही होईल, हे ना सलिलने सांगितलं होतं ना काकांनी.

होळी पुनवेला धनेश सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरला. आधी वर्कशॉप, मग ऑफिस, असा बेत. पार्किंगमध्ये गाडीपाशी आवडाबाई उभी होती. डोक्यात फूल, हातात ताट, पायाशी कॅन.

"आये," धनेश कळवळून म्हणाला, "आज नको ना. आज तपासणी आहे."

"गाडी तिकडं लाव. लांब. शिंतोडा नको उडायला."

त्याने गाडी ढकलत गेटपाशी नेऊन लावली.

"आता इकडं ये. हितं उभा ऱ्हा."

तो उभा राहिला. तिने त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, तांदूळ लावले, नारळ छातीला टेकवून परत ताटात ठेवला. मग तांब्या भरला आणि त्याच्या डोक्यावर ओतला. दुसरा खांद्यांवर, तिसरा पाठीवर. काही राहिलं तर नाही ना, म्हणून मागे जाऊन बघितलं. इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटला. खिशातला पेन, पाकीट, कंपनीचं आयकार्ड, सगळ्याला समुद्र लागला.

"मी येडी," आवडाबाई म्हणाली. "लोखंडाला सांगत बसले. लोखंड बिगाडलं तं तुजी कंपनी बगल. मानूस माजा हाय, त्याला मी बगन." आणि ओल्या शर्टावर हात ठेवून ती बोलू लागली. या वेळी धनेशला ऐकू येत होतं. ते त्याच्याशी नव्हतंच, त्यामुळे त्याने ते कुणाला सांगितलं नाही, कृतिकालासुद्धा.

वरून खाकरण्याचा आवाज आला. त्र्यंबककाका गॅलरीत उभे होते. पार्किंगमध्ये पाणी सांडू नये हा नियम त्यांनीच केलेला, त्यांनीच फलकावर लावलेला. ते धनेशकडे बघत राहिले, मग म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. आज होळी आहे," आणि आत गेले.

"एक अट हाय," आवडाबाई म्हणाली. "पोचल्यावर फोन कर."

धनेश तसाच निघाला. मोठागाव मागे पडलं, पूल आला. रोज या पुलावर तो ऑफिसचा विचार करायचा. आज त्याने खाली बघितलं. भरतीचं पाणी चढत होतं, कडेला एक होडी बांधलेली होती. त्याने गाडीचा वेग थोडा कमी केला आणि मग कुणी बघत नाहीये असं वाटल्यावर खाडीला हलकेच मान लववली. मागचा रिक्षावाला हॉर्न देत होता.

वर्कशॉपच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "सर, धुळवड उद्या आहे."

"माहितीये," धनेश म्हणाला आणि आत गेला.

क्षिप्राने गाडी तपासली. चेन बघितली, नट बघितले, वाकून फुटरेस्टच्या खाली बघितलं, सायलेन्सरवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं. मग ती उभी राहिली आणि तिची नजर धनेशवर गेली. वाऱ्याने शर्ट वाळला होता आणि कॉलरवर, खांद्यांवर, भुवयांवर मीठ पांढरं फुललं होतं. कपाळावर तांदळाचे दोन दाणे अजून तग धरून होते.

"सर, गाडी ओके आहे," ती सावकाश म्हणाली. "पण हे तुमच्यावर... खारं पाणी ना हे?"

"हो."

"पण सर, तुम्ही लिहून देणार होतात की..."

"गाडीला लागणार नाही, हे लिहून देतो. आत्ता देतो. माझं वेगळं आहे. माझी दुसऱ्या कंपनीची आहे."

क्षिप्राला काय कळलं कोण जाणे, पण तिचा तो कमावलेला आवाज गेला आणि साधा, घरातल्या मुलीचा आवाज आला. "तिकडे काय काय बसतं, सर?"

"सगळं बसतं," धनेश म्हणाला.

"आणि किती वर्षांची आहे?"

धनेशने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुठल्या वॉरंटीची मुदत कधी संपते हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. ही कधी संपणार ते त्याला माहीत नव्हतं. आणि आईचं वय त्याच्या मनात आलं तसं ते माहीत करून घ्यायचंही नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ गेलं असेल डोळ्यांत, असं क्षिप्राला वाटावं म्हणून त्याने ते शर्टाच्या बाहीने चोळले, आणि मग खरोखरच मीठ गेलं.

तो सहीसाठी पेन शोधत असताना खिशात फोन वाजला. फोन भिजूनही चालू होता. कसा, ते कंपनीला विचारावं लागेल.

"पोचलास?" आवडाबाई म्हणाली.

"पोचलो आये. केव्हाच पोचलो."

"मंग अट काय बोल्ली व्हती मी?"

"विसरलो गं. इथे तपासणी चालू होती, तेवढ्यात–"

पलीकडून टोपावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," आवडाबाई म्हणाली, "या बारीला बसल."